लवण राखलं, डोह गेला

सावळाराम समितीचा अध्यक्ष झाला, तो दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं म्हणून. ग्रामसभेत सरपंच रंजिताने पत्र वाचून दाखवलं, की प्रत्येक गावाला जैवविविधता समिती पाहिजे, तालुक्याहून हे तिसरं स्मरणपत्र आहे, एक नाव सुचवा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मागे खांबाला टेकून बसलेल्या सावळारामला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हंती?" म्हणत त्याने हात कानाला लावला. रंजिताला वाटलं, काकांनी हात वर केला. टाळ्या पडल्या, आणि काय झालं ते त्याला कळेपर्यंत नाव रजिस्टरात चढलंही होतं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. त्याच साली तो भिवंडीहून कायमचा गावी आला होता. एकतीस वर्षं त्याने यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबरचं काम केलं, म्हणजे अडलेला लूम दुरुस्त करून पुन्हा चालू करायचा. खडखडाटाने दोन्ही कान निम्मे गेले, कापसाच्या धुळीने छाती धरली. शेठने लूम भंगारात काढले तेव्हा सावळारामला वाईट वाटायच्या ऐवजी झोप आली. गावी येऊन पहिले दोन महिने हा माणूस नुसता झोपत होता, असं त्याची बायको तुळजा अजून सांगते.

पण मिस्तरी माणसाला हातात आलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही. समितीने एक जाड नोंदवही भरायची असते. गावात झाडं कुठली, मासे कुठले, पाखरं कुठली, ती कुठे राहतात, किती उरलीत. बरीच गावं एकमेकांच्या वहीवरून उतरवून काढतात. सावळाराम मात्र वही काखेत मारून तानसा नदीच्या काठाने चालत सुटला. फरशीपासून, म्हणजे नदीवरच्या बुटक्या पुलापासून, गावाची हद्द संपेपर्यंत सहाशे मीटर काठ. लहानपणी ज्या काठावर म्हशी धुतल्या तिथली दहा झाडंसुद्धा आपल्याला नावाने ओळखता येत नाहीत, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं.

शिकवलं ते मंगळीने. मंगळी पलीकडच्या तीरावरच्या वारली पाड्यात राहायची, वयाने त्याच्याच बरोबरीची. दगडाखाली हात घालून मुठे, म्हणजे खेकडे, आणि मासे धरायचे, घरापुरते ठेवायचे, उरले तर वज्रेश्वरीच्या बाजारात पाटी घेऊन बसायचं, हा तिचा जन्माचा धंदा. पहिल्या दिवशी ती त्याला हसली होती.

"काठावर जल्मलास ना दादा, न वाळुंज वळखत न्हाय?"

मग तिने दाखवलं. वाळुंजाची मुळं चिखलाला चटईसारखी विणून धरतात. शेरणीचं झुडूप पुरात आडवं पडतं, पण उपटत नाही. उंबराची फळं पाण्यात पडतात म्हणून मासा उंबराखाली थांबतो. पाखरांचे आवाज सावळारामला ऐकू येत नसत. मंगळी मान वाकडी करून सांगायची, "आता बोलला तो खंड्या," की तो वहीत लिहायचा. पाच पावसाळ्यांत वही भरली. भिवंडीच्या कॉलेजातली मुलं तिची झेरॉक्स घेऊन गेली.

त्या सहाशे मीटरचे सरळ दोन भाग पडत. वरच्या अंगाला डोह. भर मे महिन्यात तिथे माणूसभर पाणी असायचं. वर उंबर, जांभळं, जुने अर्जुन, दरडीत वेड्या राघूंची बिळं, आणि काठावर शेंदूर लावलेल्या साती आसरा, पाण्याच्या सात देवी. वहीतली अकरा पानं एकट्या डोहाची होती. सावळारामने स्वतः तिथे सत्तर रोपं लावली, त्यातली चाळीस जगली. खालच्या अंगाला, फरशीजवळ, लवण. ही खोलगट, सदा ओली जागा. घोट्याएवढा चिखल, लव्हाळा, पाणकणीस, वाळुंजाची वेडीवाकडी झाडं, मधूनमधून कुठेही फोफावणाऱ्या बेशरमीच्या झुडपांची रानं, आणि पुराने आणून टाकलेल्या पिशव्या. लोक तिथे सकाळी डबा घेऊन परसाकडे जायचे. लवणाला वहीत अर्धं पान मिळालं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रंजिता एका इंजिनियरला घेऊन सावळारामच्या ओट्यावर आली. त्याचं नाव विशाल. गावाच्या माळावर ज्या कंपनीचं गोदाम उभं राहत होतं, तिच्या बांधकामाचं काम तो बघत होता. पोरगा बोलायला चांगला होता. बूट काढून बसला, पाणी मागून घेतलं, मग बाजेवर नकाशा पसरला.

"काका, नुसती संरक्षक भिंत आहे. पुराचं पाणी आत यायला नको. बाकी सगळ्या परवानग्या आहेत, तुमच्या समितीचा अभिप्राय तेवढा राहिलाय."

सावळारामने चष्मा लावला. लाल रेघ पाण्याला चिकटून फरशीपासून हद्दीपर्यंत गेली होती. तिच्या मागे भराव, भरावावर ट्रकांचा रस्ता.

"म्हंजे काठ उरणारच न्हाय."

"काठ असणार ना, काका. पक्का काठ."

सावळारामने रंजिताकडे बघितलं. ती पदराने वारा घेत होती. सकाळपासून तिचं हे तिसरं घर असावं.

"मी खरं सांगते काका," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर फाइल जिल्ह्याला जाईल. तिकडे पाच-सहा महिने जातील, तोवर पाऊस येईल, यांचं एक वर्ष बुडेल. पण पुढल्या वर्षी भिंत होईलच. आणि समितीची मुदत या दिवाळीला संपतेय. नवा अध्यक्ष कोण असेल ते मला सांगता येत नाही."

ती धमकी नव्हती. तिच्या आवाजात धमकीपुरता जोरच नव्हता. सावळारामला तिची कीव आली, आणि मग स्वतःचीही आली.

तरी तो तसाच उठून विशालबरोबर काठाने चालला. उन्हात, धापा टाकत. पूर आला की पाणी पसरतं कुठे, काठ कुठे धरतो, कुठे ढासळतो, ते त्याने एकेक करून दाखवलं. विशालने ऐकून घेतलं. त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याने बाजूला जाऊन ऑफिसला दोनदा फोन लावला आणि परत येऊन घाम पुसत म्हणाला, "अर्धं होईल, काका. तीनशे मीटरमध्ये भिंत पंचवीस मीटर मागे घेतो, तेवढा काठ जसाच्या तसा. कुठला अर्धा ते तुम्ही सांगा, आम्हाला फरक पडत नाही. पण अर्धाच. पाऊस तोंडावर आहे म्हणून ते एवढं तरी ऐकतायत. शनिवारपर्यंत कळवा."

घरी तुळजाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात इचार काय करायचा? डोह ठेवा. आसरा हायत तिथं. माझी मनोजच्या येळची ओटी तिथंच भरली."

मनोज, त्यांचा मुलगा, दापोड्याला गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. जायला दोन तास, यायला दोन तास. तो जेवता जेवता हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही काय ते बघून घ्या. पण इथं गोदाम झालं ना, तर मी दुपारी घरी जेवायला येईन." एवढंच बोलला.

मनात त्याचंही डोहच ठरलं होतं. मंगळीकडे तो गेला ते विचारायला नव्हे, तिने हो म्हणावं म्हणून. ती पाड्याच्या अंगणात सुनेच्या, मनिषाच्या, तान्ह्या पोरीला तेल लावत बसली होती. सावळारामने सगळं सांगितलं. पंचवीस मीटर, तीनशे मीटर, शनिवार. मंगळीने पोरीला उलटं केलं, पाठीला तेल लावलं.

"डोह जाऊ दे," ती म्हणाली.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं.

"डोह जाऊ दे म्हन्ले. लवन राख."

"त्या चिखलात काय हाय?"

मंगळीने पोरगी मनिषाकडे दिली आणि उठली. फरशीवरून दोघं अलीकडे आली. मंगळी लुगडं वर खोचून थेट लवणात शिरली. सावळाराम काठावर थांबला, तर म्हणाली, "तसा न्हाय दिसनार. ये आत."

चिखल गार होता. वर रान वाळून करडं पडलेलं, नदीचं पात्र दगडांवर आलेलं, आणि इथे पायाखाली कुठूनतरी झरा पाझरत होता. मंगळी वाळुंजाच्या बुंध्याशी बसली. पाण्यात लोंबणारी तांबूस मुळं तिने दोन्ही हातांनी केस उचलावेत तशी उचलली आणि ओंजळ पुढे केली. सावळारामला आधी नुसतं पाणी दिसलं. मग त्यात डोळे दिसले. काळे, मोहरीएवढे, जोडीजोडीने. त्यांच्या मागे काचेसारखी अंगं.

"ही मरलीची. ही खवलीची. पावसात नदी लाल होत्ये ना, तवा डोहात काय राहतंय? धो धो पानी. समदी मासळी हितं चढत्ये, गवतात. पानी हितं सावकाश असतं. हितंच अंडी टाकतान, हितंच पिल्लं वाढतान. डोहात मंग मोठी होऊन जातान. तू वहीत डोह लिव्हलास कारन तिथं मोठा मासा दिसतो."

तिने ओंजळ पुन्हा पाण्यात सोडली.

"घरात बाळंतिनीची खोली असत्ये ना, ती ही. पडवी पाडलीस तर मानूस आत निजंल. ही पाडलीस तर मानूसच व्हनार न्हाय."

मंगळीने पलीकडे बोट केलं. लवणाच्या बरोबर समोर, पलीकडच्या तीरावर, तिच्या पाड्याची कौलं दिसत होती.

"न दुसरा बी हाय. हितं भित घातलीस तं पानी पसरंल कुठं? माझ्या मनिषाच्या चुलीत जाईल. म्हनून बी सांगत्ये. तुझ्यापासून लपवत न्हाय."

"पन तू मासे धरतेस ते डोहात. डोह गेला तर तुझं काय?"

मंगळी पायाचा चिखल गवताला पुसत होती. "ते मी बघंन," ती म्हणाली. "तू इचारलास काय राखू. मी सांगितला."

शनिवारपर्यंतच्या तीन दिवसांत सावळाराम रोज सकाळी डोहावर गेला आणि रोज दुपारी लवणात. एकतीस वर्षांत शेकडो लूम त्याच्या हाताखालून गेले होते. कुठला भाग बदलायचा आणि कुठल्या भागाने अजून वर्षभर चालेल, हे त्याला नुसत्या हाताने कळायचं. इथे त्याचा हात चालत नव्हता. डोह सुंदर होता. त्याने लावलेल्या चाळीस झाडांच्या साली आता कुठे खरबरीत होऊ लागल्या होत्या.

शनिवारी पंचायतीत त्याने अभिप्राय स्वतःच्या हाताने लिहिला. लवणाच्या भागात भिंत पंचवीस मीटर मागे, भराव नाही, बेशरम सोडून एकही झाड तोडायचं नाही, मलबा टाकायचा नाही. विशालने वाचलं आणि मान वर केली.

"काका, नक्की ना? मला वाटलं तुम्ही वरचा भाग मागाल. हा तर... म्हणजे, इथं काहीच नाहीये."

"हाय," सावळाराम म्हणाला आणि सही केली.

गावाला कळल्यावर जे व्हायचं ते झालं. "चिखल राखला आन देव हलवले," असं बाळाराम नावाच्या म्हाताऱ्याने पारावर सगळ्यांसमोर म्हटलं, आणि तेच मग घरोघर फिरलं. कुणी म्हणालं कंपनीने काकांना गाठलं. कुणी म्हणालं म्हातारा पाड्यातल्या बाईच्या नादी लागला. तुळजा चार दिवस बोलली नाही. ताट वाढून झाकून ठेवायची आणि आत जाऊन बसायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "मला निस्तं आधी सांगायचं होतंत. मी न्हाय म्हन्ले असते, पन मला सांगायचं होतंत." कंपनीने भिंतीच्या मागे लादीचा ओटा बांधून आसरा तिथे बसवायचं कबूल केलं होतं. तुळजा म्हणाली, लादीवर मी जाणार नाही. आणि पुढे कधी गेलीही नाही.

एप्रिलमध्ये डोहावर पोकलेन आला. सावळाराम रोज जायचा. त्याने जाऊन काही थांबणार नव्हतं, पण घरी बसवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काम दरडीपाशी पोचलं तेव्हा वेडे राघू पोकलेनच्या दांड्याभोवती घिरट्या घालत होते. दरडीत बोटभर रुंदीची वीसेक बिळं. सावळारामने कान लावला. त्याला त्याच्या कानातल्या जुन्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना. मंगळीला बोलावणं धाडलं. ती आली, एकेका बिळाशी डोकं टेकवत सरकत गेली, आणि बोटं मोडत राहिली.

"नवांत पिल्लं हायत," ती म्हणाली. "बाकी उडाली, न्हाय तं रिकामी."

सावळाराम विशालकडे गेला. पंधरा दिवस मागितले.

"काका, पंधरा दिवसात माझी नोकरी जाईल."

"मंग किती देतोस?"

विशाल टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. "आठ. मशीन तिकडच्या टोकाला लावतो आधी. आठ दिवसांच्या वर मला नका विचारू."

आठव्या दिवशी मंगळीने पुन्हा कान लावला. नवांपैकी सहा बिळं गप्प झाली होती, पिल्लं उडाली होती. तीन बोलत होती. विशालने त्या तीन बिळांच्या डोक्यावर लाल कापडाची चिंधी खोचली, ती काय म्हणून खोचली त्यालाच ठाऊक, आणि दुपारपर्यंत वाट बघितली. जेवणाची सुट्टी संपली. पोकलेनवाल्याने विचारलं, "साहब, लगाऊँ?" विशालने दुसरीकडे बघत हात हलवला.

सावळाराम त्या दिवशी घरी आला आणि अंघोळ न करताच बाजेवर पडला. तुळजाने येऊन पायाशी चादर टाकली.

मेअखेर भिंत उभी राहिली. डोहात दगडगोटे आणि मुरूम पडून त्याचा सपाट ओढा झाला. लवणाच्या भागात भिंत ठरल्याप्रमाणे मागे गेली होती. विशालने शब्द पाळला होता, एवढंच नाही तर बेशरमीची रानंही मशीनने मुळासकट काढून दिली होती. ते समितीच्या अटीत नव्हतं.

पूर आला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला. वर धरण भरून वाहू लागलं होतं आणि त्यात रात्रभर पाऊस. फरशी बघता बघता दिसेनाशी झाली. सावळाराम छत्री घेऊन भिंतीवर जाऊन उभा राहिला. पलीकडच्या तीरावर पाड्यातली माणसं गाठोडी घेऊन बाहेर आलेली दिसत होती. मनिषाच्या कडेवर पोर, मंगळीच्या डोक्यावर तांदळाचं पातेलं. हाक मारून उपयोग नव्हता. त्या गर्जनेत धडधाकट कानाच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं.

डोहाच्या जागी पाणी भिंतीला घासत सरळ, वेगाने येत होतं, घळीतून यावं तसं. आणि लवणापाशी आल्यावर ते अलीकडे वळलं. वाळुंज आडवे झाले, पाणकणीस दिसेनासं झालं, सगळ्या पंचवीस मीटरांत पाणी पसरलं आणि तिथे त्याचा वेग मोडला. मातकट, फेसाळ, पण सावकाश फिरणारं पाणी. पलीकडे ते पाड्याच्या अंगणात चढलं. मंगळीच्या घराच्या तुळईला टांगलेल्या टोपल्या दिसत होत्या, उंबऱ्याचा दगड दिसत होता. अकराच्या सुमाराला उंबऱ्याच्या दगडाची फक्त वरची कड उरली. सावळाराम त्या कडेकडे बघत उभा राहिला. छत्री कधी उलटी झाली त्याला कळलं नाही. साडेबारापर्यंत कड तशीच राहिली, मग दगड हळूहळू पुन्हा मोठा व्हायला लागला.

पूर ओसरल्यावर लवणात जाऊन बघितलं तर त्याला रडूच यायचं राहिलं. एकही झाड उभं नव्हतं. सगळ्यांवर गाळ, चिंध्या, बांधकामावरची चिकटपट्टी, प्लास्टिकचे पत्रे. बाळाराम फरशीवरून बघून हसला आणि गेला. सावळारामने फक्त पिशव्या गोळा करायला घेतल्या. रोज दोन पोती. त्याहून जास्त छाती करू देईना. चौथ्या दिवशी तुळजा पदर खोचून आली आणि दुसऱ्या टोकाने गोळा करू लागली. ती तिथे आधी कधी आली नव्हती. तासाभराने कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "केवढा वास हो हा!" आणि पुन्हा वाकली. दहा-बारा दिवसांनी आडवे पडलेले वाळुंज टोकाकडून वर वळू लागले.

ऑक्टोबरात दोघांनी मोजणी केली. मंगळी पाण्यात, सावळाराम वही घेऊन काठावर. मंगळीच्या अंदाजाने लवणात पिल्लं मागच्या वर्षीइतकीच होती, कदाचित थोडी जास्त. मंगळीने बोटांएवढ्या मरळी दाखवल्या. मग ती दोघं वर चालत गेली, भिंतीच्या कडेकडेने, जिथे डोह होता तिथपर्यंत. पाणी पोटरीएवढं होतं आणि स्वच्छ, तळाचे गोटे मोजता यावेत इतकं स्वच्छ. त्यात काही नव्हतं.

"ही पिल्लं मोठी होतील," मंगळी म्हणाली. "मंग उन्हाळ्यात जातील कुठं?"

सावळारामने तो प्रश्न जसाच्या तसा वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी बसने जाऊन विशालला गाठलं. तो आता दुसऱ्या कामावर होता. पात्रात दोन ठिकाणी मोठे दगड आडवे टाकले तर पाणी खणून पुन्हा खोल जागा करील, असं सावळारामने कागदावर काढून दाखवलं. विशालने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारतो म्हणाला. अजून विचारतोय.

मंगळी आता आठवड्यातले पाच दिवस वज्रेश्वरीला एका लॉजमध्ये चादरी धुवायला जाते. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळी येते. पाटी घेऊन बाजारात बसणं बंद झालं. तिने त्याबद्दल सावळारामला कधी बोल लावला नाही. तो मात्र बसच्या वेळेला फरशीकडे जायचं टाळतो.

दिवाळीनंतर समितीची मुदत संपली. ग्रामसभेत रंजिताने पुन्हा नाव विचारलं, आणि पुन्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. या खेपेला सावळारामला सगळं नीट ऐकू आलं. त्याला नको होतं. पाच मिनिटं तो मांडीवरच्या हाताकडे बघत बसला. मग त्याने तो वर केला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मंगळीची सुट्टी होती. दोघं लवणात भेटली. बेशरम पुन्हा फुटली होती, ती उपटायची होती. वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या फांद्या तोडून ओल्या चिखलात खोचल्या की मुळं धरतात, असं मंगळी म्हणाली, म्हणून तेही करायचं होतं. ती कोयत्याने फांद्या तोडत होती, तो हातभर अंतराने खोचत जात होता. दर पाच-सहा फांद्यांनंतर त्याला थांबून दम घ्यावा लागत होता.

"किती लागतील यातल्या?" त्याने विचारलं.

"चाळीस लावल्यास तं धा."

"धाच?"

"धा लय झाल्या." मंगळीने कोयता चिखलात रोवला आणि कंबर सरळ केली. "पुढल्या वर्षी हा बी तुकडा मागतील ना रं ते?"

"मागतील."

"मंग?"

पुढची फांदी घेऊन सावळारामने तिचं जाड टोक चाचपलं, खाली कुठलं आणि वर कुठलं ते बघून घेतलं, आणि दोन्ही हातांनी ती चिखलात दाबली.